वैमानिकाच्या बॅगेतला कागद काढायचा का?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर काही वर्षांपूर्वीपर्यंत वैमानिक गणवेशाइतकाच बॅगेवरूनही ओळखू यायचा. काळी, चौकोनी, पेटीसारखी आणि उचलताना खांदा एका बाजूला झुकवणारी बॅग. आत सगळा कागद. जिथे जायचं त्या विमानतळाचे नकाशे, तिथे उतरता आलं नाही तर जिथे वळावं लागेल तिथले नकाशे, वाटेतल्या हवाई मार्गांचे नकाशे, विमानाची पुस्तकं, वजनाची आणि वेगाची कोष्टकं. आज हे सगळं एका टॅबलेटमध्ये मावतं. मोठ्या विमान कंपन्यांपुरता हा बदल होऊनही गेला आहे.

बारामतीला उड्डाण शिकणारी मुलं-मुली, त्यांच्या संस्था, एखाद्या कंपनीचं छोटं विमान चालवणारे वैमानिक यांच्यापुढे मात्र प्रश्न अजून शिल्लक आहे. कागद ठेवायचा, काढायचा, की दोन्ही बाळगायचं? शिकणाऱ्या मुलांचे आईवडीलही हे विचारतात, कारण फी भरून झाल्यावर "आता आयपॅडही लागेल म्हणे" हा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचलेला असतो.

टॅबलेट घ्यावा, याबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार आहे ती कागद काढून टाकण्याच्या घाईबद्दल. "एक टॅबलेट बंद पडला तर दुसरा आहे" एवढ्यावर बहुतेकांचा विचार थांबतो. दोन्ही टॅबलेट एकाच कारणाने एकाच वेळी बंद पडतील का, हे फारसं कोणी तपासत नाही. सगळा निर्णय खरं तर तिथेच आहे.

आधी चार्ट काय असतो ते पाहू

वैमानिक ज्याला चार्ट म्हणतात त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला, खिडकीबाहेर बघून उडण्यासाठीचा. त्यात डोंगर, नद्या, तलाव, रेल्वे, शहरं, उंच मनोरे दाखवलेले असतात. प्रमाण बऱ्याचदा १:१०,००,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर दहा किलोमीटर. विद्यार्थी त्यावर पेन्सिलीने रेघ मारतो: बारामती सोडली, इतक्या मिनिटांनी दौंड जंक्शन दिसायला हवं, मग उजव्या हाताला उजनीचं पाणी. वाऱ्याचा हिशेब चुकला असेल तर दौंड दोन मिनिटं उशिरा येतं आणि त्यावरून पुढचा सगळा हिशेब सुधारायचा असतो.

दुसरा प्रकार ढगात, रात्री, उपकरणांवर विसंबून उडण्यासाठीचा. यातला सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे ॲप्रोच चार्ट. वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या जागेत त्यात सगळं कोंबलेलं असतं: कोणत्या फ्रीक्वेन्सीवर बोलायचं, कोणत्या दिशेने यायचं, धावपट्टीपासून किती अंतरावर किती उंची हवी, आणि ठरलेल्या उंचीपर्यंत उतरूनही धावपट्टी दिसली नाही तर कुठल्या बाजूने वर जायचं. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. दक्षिण-नैऋत्येला सिंहगड आणि पुरंदर चार-साडेचार हजार फुटांच्या आसपास जातात. पावसाळी रात्री या बाजूला किती खाली येता येतं, हा आकडा चार्टवर पाहूनच वागायचं असतं. शिवाय लोहगाव हवाई दलाचा तळ असल्यामुळे धावपट्टी कधी उपलब्ध आणि कधी नाही, याच्या सूचना नोटॅममधून, म्हणजे वैमानिकांसाठी वेळोवेळी निघणाऱ्या सूचनापत्रांतून, येत राहतात. त्या कोणत्याच छापील चार्टवर नसतात.

कागद हरतो तो इथे

अमेरिकेत एलरे जेपसन नावाचा टपाल विमानांचा वैमानिक होता. त्या काळी वैमानिक रस्त्यांचे नकाशे घेऊन उडत. जेपसनने एका छोट्या काळ्या वहीत स्वतःच्या नोंदी सुरू केल्या: मैदान किती लांब आहे, कडेला झाडं आहेत का, टेकडीची उंची किती. उंची मोजायला तो अल्टिमीटर घेऊन टेकड्या चढायचा. इतर वैमानिक प्रती मागू लागले आणि १९३४ मध्ये त्याने दहा डॉलरला एक याप्रमाणे त्या विकायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच जगभरच्या कॉकपिटमध्ये पोहोचलेले 'जेप चार्ट' आले. वही सुट्या पानांची होती, ही त्यातली कामाची गोष्ट. माहिती बदलली की एक पान काढायचं, नवं घालायचं.

माहिती बदलतेच, आणि तीही ठरलेल्या तालावर. जगभरात हवाई माहितीतले महत्त्वाचे बदल २८ दिवसांच्या आवर्तनाने लागू होतात. या व्यवस्थेला एअरॅक म्हणतात. लागू होण्याचा दिवस नेहमी गुरुवार. २०२६ चं पहिलं आवर्तन २२ जानेवारीला सुरू झालं. बहुतेक वर्षांत अशी तेरा आवर्तनं होतात. भारताची मूळ माहिती विमानतळ प्राधिकरण एआयपी नावाच्या ग्रंथात प्रसिद्ध करतं आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ई-एआयपी म्हणून वाचता येते.

कागदाच्या काळात बदलांचं जाड पाकीट टपालाने यायचं. वैमानिकाने बसून जुनी पानं काढायची, नवी लावायची, नोंदवहीत सही करायची. हे काम कोणालाच आवडत नसे. मध्यरात्री ड्युटीवरून आलेला माणूस पानं बदलताना एखादं चुकीच्या जागी घालणार, एखादं फाडायचं विसरणार. आणि चूक झाली हे कळणार कधी? बाहेर काही दिसत नसताना खाली उतरताना. एकाच विमानातल्या दोन वैमानिकांकडे एकाच विमानतळाची दोन वेगवेगळ्या तारखांची पानं निघाली, असं होऊ शकायचं. टॅबलेटवर हे काम वाय-फायवर काही मिनिटांत होतं आणि माहिती शिळी असेल तर ॲप तसं लाल अक्षरांत सांगतं. उद्या पुरंदरचा नियोजित विमानतळ उभा राहिला तर पुण्याभोवतीचं हवाई क्षेत्र, येण्या-जाण्याचे मार्ग, किमान उंच्या असं बरंच काही नव्याने आखावं लागेल. ती पानं हाताने बदलायची वेळ येऊ नये, असं कोणत्याही वैमानिकाला वाटेल.

टॅबलेटच्या बाजूने माझ्या लेखी हा सर्वात भक्कम मुद्दा. वजनाचा मुद्दा त्याच्या बराच मागे आहे, जरी बातम्यांत नेहमी तोच पुढे असतो. युनायटेड एअरलाइन्सने २०११ मध्ये ११,००० आयपॅड घेतले तेव्हा सांगितलं होतं की प्रत्येक वैमानिकामागे सुमारे ३८ पौंड कागद, सरासरी १२,००० पानं, कमी होतील आणि वर्षाला ३,२६,००० गॅलन इंधन वाचेल. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये सगळा ताफा टॅबलेटवर नेला आणि वर्षाला किमान ४,००,००० गॅलन, म्हणजे पंधरा लाख लिटरच्या आसपास इंधन आणि १२ लाख डॉलर वाचतील असा अंदाज दिला. आकडे ऐकायला मोठे आहेत. पण एवढ्या अवाढव्य कंपनीच्या इंधनाच्या बिलात १२ लाख डॉलर कुठेही हरवून जातील. दोन बॅगा मिळून तीस-पस्तीस किलो; एका उड्डाणात त्यांच्यामुळे जळणारं इंधन मोजायलाही कंटाळा येईल इतकं थोडं. त्या बॅगा उचलून वैमानिकांच्या पाठी-खांद्यांना होणाऱ्या दुखापती कमी झाल्या, हा फायदा मला जास्त खरा वाटतो. बारामतीच्या सेसनात, म्हणजे शिकवायच्या छोट्या विमानात, तर दोनचार नकाशे आणि एक फाइल एवढाच कागद असतो. तिथे वजनाचा विषय काढण्यात अर्थ नाही.

टॅबलेट हिशेबही करतो

नकाशे हे टॅबलेटचं अर्धंच काम. या सगळ्या व्यवस्थेला इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग म्हणतात, बोलताना ईएफबी. तिच्यात उड्डाणाचा हिशेब करणारी ॲप्स असतात: आजचं तापमान, वारा, धावपट्टीची लांबी, विमानाचं वजन घाला, किती वेगाला नाक उचलायचं आणि इंजिनाला किती जोर द्यायचा ते मिळतं.

पुण्याला याचं महत्त्व जास्त. धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, उंची जवळजवळ दोन हजार फूट, आणि मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंश. गरम आणि विरळ हवेत पंखही कमी उचलतात आणि इंजिनही कमी ओढतं. कागदी कोष्टकात तापमान आणि वजन पायऱ्यापायऱ्यांनी दिलेलं असतं; मधला आकडा आला की सुरक्षित बाजूची पायरी धरायची. त्यात थोडं वजन उगाच हातचं जातं. ॲप नेमका हिशेब करतं, त्यामुळे ते वजन वापरता येतं. विमान कंपन्यांसाठी हा फायदा कागदाच्या किलोंपेक्षा कितीतरी मोठा.

पण इथेच एक धोका दडलेला आहे. २० मार्च २००९ ला मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या ए३४०-५०० विमानात टेकऑफचा हिशेब लॅपटॉपवर झाला. वजन ३६२.९ टन होतं. टाइप झालं २६२.९. एका अंकाने शंभर टन गेले. लॅपटॉपने त्या चुकीच्या वजनाचं अगदी बरोबर उत्तर दिलं. विमान धावपट्टी संपेपर्यंत उठेना. शेपूट जमिनीवर घासलं, धावपट्टीपलीकडचा एक दिवा आणि अँटेना तुटला, आणि कॅप्टनने पूर्ण जोर लावल्यामुळे ते कसंबसं वर गेलं. आत २७५ माणसं होती. कोणाला इजा झाली नाही. त्याआधी, १४ ऑक्टोबर २००४ ला, कॅनडातल्या हॅलिफॅक्सला एमके एअरलाइन्सचं मालवाहू बोइंग ७४७ टेकऑफलाच कोसळलं आणि सातही जण गेले. आधीच्या उड्डाणाचं वजन लॅपटॉपमध्ये तसंच राहून हिशेब झाला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता.

कागदावर असं होत नाही असा दावा मी करणार नाही. कोष्टकातही चुकीच्या ओळीवर बोट ठेवता येतं. फरक इतकाच की बोट सरकवत सरकवत उत्तरापर्यंत जाताना आजूबाजूचे आकडे डोळ्यांखालून जातात आणि काहीतरी खटकण्याची शक्यता उरते. स्क्रीनवर फक्त उत्तर दिसतं. म्हणून दोन्ही वैमानिकांनी हिशेब स्वतंत्रपणे करायचा आणि मग उत्तरं ताडून पाहायची, ही पद्धत टॅबलेटबरोबर यायलाच हवी. एकाने टाइप करायचं आणि दुसऱ्याने मान डोलवायची, याला तपासणी म्हणत नाहीत.

दोन टॅबलेट म्हणजे दोन नव्हेत

कागद थोडाथोडा खराब होतो. चहा सांडला तर एक पान जातं, घडीवर फाटलं तर एखादी फ्रीक्वेन्सी वाचता येत नाही, बाकीचं शिल्लक राहतं. शिवाय नुकसान झालं हे दिसतं. टॅबलेट बंद पडतो तेव्हा सगळंच जातं: नकाशे, हिशेब, चेकलिस्ट, नोटॅम. म्हणून सगळेच दुसरा टॅबलेट ठेवतात.

आता हा प्रसंग पाहा. एप्रिल २०१५ च्या अखेरीस अमेरिकन एअरलाइन्सच्या डझनावारी उड्डाणांना एका संध्याकाळी उशीर झाला. वैमानिकांच्या आयपॅडवरचं चार्टचं ॲप उघडेना. कारण निघालं क्षुल्लक: वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक चार्ट माहितीसंचात दोनदा आला होता. कॅप्टनचा आयपॅड गेला, आणि सहवैमानिकाचाही गेला, कारण दोघांकडे तेच ॲप आणि तोच माहितीसंच होता. काही विमानं वाय-फाय मिळवायला गेटवर परत आली. हे जमिनीवर घडलं म्हणून फक्त उशीर झाला.

घरात दोन दिवे लावले आणि दोन्ही एकाच फ्यूजवर असले तर अंधार व्हायला एकच फ्यूज पुरतो. टॅबलेटचे असे सामाईक फ्यूज बरेच आहेत आणि आपल्या हवेत त्यातला सर्वात मोठा उन्हाचा. ॲपलच्याच सांगण्यानुसार आयपॅड वापरायचा तो ० ते ३५ अंश तापमानात. पुण्यातलं नोंदलेलं सर्वाधिक तापमान ४३.३ अंश, ३० एप्रिल १८९७ चं, आणि चाळिशी तर आता दर उन्हाळ्यात येते. बारामतीच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, दार बंद करून उभ्या असलेल्या सेसनाच्या आत बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं. टॅबलेट समोरच्या काचेजवळ ठेवला, वर चार्जिंगला लावला, की थोड्या वेळाने स्क्रीनवर तापमानाची सूचना येते आणि तो थंड होईपर्यंत काही दाखवत नाही. शेजारच्या सीटवरचा दुसरा टॅबलेट त्याच उन्हात असतो.

इतर कारणंही सांगून ठेवतो. ॲपचं वर्गणी-नूतनीकरण चुकलं की त्या खात्यावरची सगळी यंत्रं एकाच दिवशी मागे पडतात. रात्रीतून आयपॅडची प्रणाली आपोआप अपडेट झाली आणि ॲप अजून तिच्याशी जुळवून घेतलेलं नसलं तर तीच गत. आपोआप अपडेट बंद ठेवायचे आणि ॲप बनवणाऱ्यांनी हिरवा कंदील दिल्यावरच करायचे. जागा कमी पडली की न वापरलेली ॲप्स काढून टाकण्याची एक सोय आयपॅडमध्ये असते, तीही बंद. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, हे कित्येकांना विकत घेतल्यावर कळतं. सिमकार्डचं मॉडेल घ्यावं लागतं किंवा वेगळा रिसीव्हर. आणि पोलराइज्ड गॉगल घालून स्क्रीन बघितली तर एका विशिष्ट कोनात ती काळी ठिक्कर दिसते. टॅबलेट बिघडलाय असं समजून घाबरण्याआधी गॉगल काढून बघावा.

यंत्र चालू असतानाही ते इजा करू शकतं. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात वणवा विझवणारं एक चिनूक हेलिकॉप्टर पडलं आणि दोघेही वैमानिक मृत्युमुखी पडले. नीट न अडकवलेला आयपॅड घसरून सहवैमानिकाच्या डाव्या पेडलपाशी अडकला होता, असं तपासात निघालं. म्हणून टॅबलेट मांडीवर नुसता ठेवायचा नाही. मांडीला पट्ट्याने बांधायचा किंवा पक्क्या माउंटवर लावायचा, आणि माउंट असा की स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, मागे ओढलं तरी त्याला लागणार नाही, आणि दारातून बाहेर पडताना आडवा येणार नाही. कागद पायात पडला तर चुरगळतो. लिथियम बॅटरी दबली तर पेट घेऊ शकते, म्हणून सीटच्या फटीत अडकलेला टॅबलेट सीट हलवून काढायचा नाही, हेही शिकवावं लागतं.

स्क्रीनवर नकाशा मोठा-लहान करता येतो, ही सोयच कधी घात करते. उदाहरण समुद्रातलं आहे, पण चपखल आहे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली वेस्टास विंड ही शिडाची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोस नावाच्या प्रवाळबेटांवर जाऊन आदळली. इलेक्ट्रॉनिक नकाशा दुरून पाहिला की तिथला धोका नीट दिसत नव्हता; जवळ जाऊन पाहिलं तरच दिसत होता. छापील नकाशाला एकच प्रमाण असतं. काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे नकाशा काढणाऱ्याने ठरवलेलं असतं. टॅबलेटवर ते दोन बोटांनी, विमान हेलकावे खात असताना, वैमानिक ठरवतो. ॲप्रोच चार्ट मोठा करून पाहताना कोपऱ्यातली तळटीप स्क्रीनबाहेर जाते, आणि नेमकी तीच तळटीप आजच्या रात्रीसाठी असू शकते.

नकाशावर सरकणाऱ्या छोट्या विमानाबद्दलही थोडं. ते सर्वांना आवडतं, मलाही. पण हातातल्या टॅबलेटवरचं ते चित्र मुख्य मार्गदर्शनासाठी वापरायचं नसतं. ते फक्त अंदाज यावा म्हणून. मागे जीपीएस असतो आणि त्याचा सिग्नल दाबता किंवा खोटा करता येतो. केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्या. मोठ्या विमानात दिशा आणि अंतर सांगणारी इतर उपकरणं असतात, फसवणूक पकडता येते. एकट्या टॅबलेटवर विसंबलेल्याला खोटं चित्रही खऱ्याइतकंच ठाम दिसतं.

नियम काय मागतात

नियमांबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टात ईएफबीसाठी मूलभूत अटी आहेत आणि आपल्याकडे मान्यता डीजीसीए, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय, देतं. टॅबलेटमुळे विमानाच्या उपकरणांत व्यत्यय येत नाही हे दाखवायचं, धोक्यांचा लेखी विचार करायचा, वापराची पद्धत आणि प्रशिक्षण ठरवायचं. आणि ईएफबी बंद पडला तरी उड्डाण सुरक्षितपणे पुरं करण्याएवढी माहिती वैमानिकांना लगेच हाताशी मिळेल, याची खात्री द्यायची. शेवटची अट सर्वात वजनदार. कागदच ठेवा असं त्यात म्हटलेलं नाही. दुसरा काहीतरी मार्ग हवा, एवढंच. मोठ्या कंपन्या तो मार्ग वेगवेगळ्या पद्धतींनी मिळवतात: दोन स्वतंत्र टॅबलेट, विमानातच बसवलेले पडदे (बोइंग ७८७ मध्ये ते मुळातच आहेत), रेडिओवरून माहिती देऊ शकणारा जमिनीवरचा कक्ष. कॉकपिटमध्ये दोन माणसं असतात. एक उडवतो, दुसरा शोधाशोध करू शकतो. शिवाय कोणता टॅबलेट कुठल्या तारखेला अद्ययावत झाला हे पाहायला नेमलेला माणूस असतो.

छोट्या विमानात यातलं काहीच नसतं. एकच वैमानिक, एकच बॅटरी, थंड हवेचा झोत नाही, आणि जमिनीवर मदतीला फार तर टॉवर. म्हणून "इंडिगोवाले कागद वापरत नाहीत, मग आपण कशाला" हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. त्यांनी कागद काढला, पण त्याच्या जागी एक अख्खी यंत्रणा बसवली. हडपसरला ग्लायडिंग करणाऱ्याचं वेगळं. तो मैदान डोळ्यांआड होऊ देत नाही. त्याला दोन्हीची फिकीर नाही.

मग बारामतीच्या संस्थेने काय करावं?

मला विचाराल तर विद्यार्थ्याची सुरुवातीची क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाण्याची, उड्डाणं कागदावरच व्हावीत. टॅबलेट असावा, पण इन्स्ट्रक्टरजवळ. जुनं ते सोनं म्हणून हे सांगत नाही. रेघ मारणं, वाऱ्याचा हिशेब, घड्याळ बघून खाली दौंड शोधणं, या गोष्टी डीजीसीएच्या नॅव्हिगेशनच्या पेपरलाही लागतात आणि स्क्रीन काळी झाल्यावरही लागतात. उजनीचंच बघा. नकाशावर, कागदी असो वा टॅबलेटवरचा, निळा आकार ठरलेला असतो. मे महिन्यात पाणी ओसरलं की वरून दिसतो तो भलताच आकार. खाली दिसतंय ते आणि नकाशात आहे ते यांचा मेळ घालायची सवय त्या पहिल्या काही उड्डाणांतच लागते. सरकणारं विमान बघत वाढलेला विद्यार्थी बाहेर बघायला उशिरा शिकतो, असं माझं निरीक्षण आहे.

त्यानंतर टॅबलेट पुढे आणि कागद मागे, पण मोजका कागद. मार्गाचा एक घडी घातलेला नकाशा. एका पानावर प्रत्येक टप्प्याची दिशा, वेळ, इंधन आणि फ्रीक्वेन्सी. आणि जिथे उतरायचं आणि जिथे वळावं लागेल त्या विमानतळांचे चार्ट, ई-एआयपीवरून छापलेले. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे चहाच्या पैशांत होणारं काम आहे. प्रत्येक पानावर छापल्याची तारीख लिहायची आणि उड्डाण झालं की पानं फाडून टाकायची, नाहीतर पुढच्या आवर्तनात तीच पानं कोणीतरी खात्रीने वापरतं. एकट्याने छोटं विमान चालवणाऱ्यालाही हेच लागू. त्याने आणखी एक करावं: दुसरं यंत्र म्हणून फोन वापरायचा असेल तर त्यात वेगळ्या कंपनीचं ॲप ठेवावं, आणि फोन बंद करून बॅगेत, सावलीत ठेवावा.

दुय्यम कागद खरोखर हाताशी आहे का, हे हवेत तपासावं लागतं. इन्स्ट्रक्टरने सपाट उड्डाणात, पुरेशा उंचीवर, न सांगता टॅबलेट काढून घ्यावा आणि विचारावं: आत्ता कुठली दिशा, पुढचा टप्पा किती मिनिटांवर, कोणाशी कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोलायचं, आणि इथून सर्वात जवळची धावपट्टी कोणती. विद्यार्थ्याने मागच्या सीटवरच्या बॅगेत हात घातला की उत्तर मिळालं.

संस्थेने कागद कमी करायचा निर्णय एका बैठकीत घेऊन टाकू नये. काही महिने दोन्ही बरोबर चालवावं आणि एक साधी वही ठेवावी: टॅबलेट कधी तापला, कधी बॅटरी उतरली, कधी ॲप अडकलं, माउंट कधी सुटला, आणि त्या वेळी दुसऱ्या टॅबलेटचं काय झालं. शेवटचा रकाना रिकामा ठेवू द्यायचा नाही. वहीत दोन्ही यंत्रं एकदम गेल्याची एकही नोंद नसेल तर एकेक पान काढायला हरकत नाही. आणि ही चाचणी डिसेंबरच्या गुलाबी थंडीत उरकू नये. ती एप्रिल-मे मध्ये, दुपारच्या उड्डाणांवर घ्यावी.